गोगलगाय अन् अंगात साखर!

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून नक्की ऐकली असेल. दिसायला गरीब, पण आतून पक्का, अशा माणसाला ती लावतात. गंमत अशी, की प्राणिशास्त्रज्ञांनी गोगलगाईच्या वर्गाला जे नाव दिलं त्याचाही अर्थ हाच. गॅस्ट्रोपॉड, म्हणजे उदरपाद. ज्याचं पोट हाच पाय, तो! आजीनं आणि शास्त्रज्ञांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली होती म्हणायची.

पण बालमित्रांनो, आज आपल्याला तिच्या पोटातल्या पायाबद्दल नाही, तिच्या अंगातल्या साखरेबद्दल बोलायचं आहे. 'गोगलगाईच्या अंगात साखर? मग ती गोड लागत असेल!' असं कुणी तरी म्हणणारच. छे छे! चाटून बघायच्या भानगडीत पडू नका. ही साखर चहात घालायची नव्हे.

सातारा आणि सांगली हा तर साखरेचाच मुलूख. रेठऱ्याला कारखाना, वाळव्याला कारखाना, आणि साखराळ्याच्या तर नावातच साखर! पावसाळा लागला, की याच भागात उसाच्या बांधावर, परसातल्या आळूखाली, विहिरीच्या ओल्या काठावर गोगलगाई बाहेर पडतात. जिथून जातील तिथं मागं एक चकचकीत रेघ. दगड असो, काटा असो, धारदार पातं असो, ती त्या रेघेवरून खुशाल सरकत जाते. अंगाला ओरखडासुद्धा उठत नाही.

ही रेघ कशाची असते? बहुतेक सगळी पाण्याचीच. मग पाणी भिंतीवरून ओघळून का जात नाही? लगेच वाळून का जात नाही? याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात गुळाची ढेप दोन दिवस उघडी राहिली तर काय होतं? तिला पाणी सुटतं, ती पाझरायला लागते. डबा नीट लागला नाही तर साखरेचेही गोळे होतात. साखरेला पाण्याची फार ओढ. हवेतलं पाणीसुद्धा ती ओढून घेते आणि धरून ठेवते. गोगलगाईच्या शेंबडासारख्या चिकट पदार्थातली प्रथिनं अंगभर साखरेच्या लहान लहान साखळ्या लेवून बसलेली असतात. बाटली घासायच्या ब्रशची कल्पना करा. मधली तार म्हणजे प्रथिन आणि चहूबाजूंचे केस म्हणजे साखरा. हे केस पाणी धरून ठेवतात, त्यामुळं थोड्याशा पदार्थात भरपूर पाणी मावतं आणि बुळबुळीत गादी तयार होते. आफ्रिकन शंखी गोगलगाईच्या शरीरात तर नुसत्या साखरांचीच एक लांबच लांब साखळी सापडली. १९९६ साली तिचं वर्णन झालं आणि या गोगलगाईच्या 'अकॅटिना' या नावावरून तिला 'अकॅरन सल्फेट' असं नाव मिळालं.

(गोगलगाईवर मीठ टाकून मजा बघणारे काही वीर असतात. मीठ तिच्या अंगातलं पाणी शोषून घेतं आणि ती तडफडून मरते. यात मजा कसली?)

आता मुख्य प्रश्न. प्रथिनावर ही साखर बसते कशी? कोण बसवतं?

प्रथिनं तुम्हाला ठाऊक आहेत. डाळीतली, अंड्यातली, दुधातली. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची एक माळ. मणी वीस प्रकारचे. माळ ओवून झाली, की ती विशिष्ट घडी घालून बसते आणि मग कामाला लागते. पण कितीतरी प्रथिनं अशी उघड्या अंगानं कामाला जात नाहीत. त्यांना आधी साज चढवावा लागतो.

साज म्हटलं, की आपल्याकडचा बेंदूर आठवतो. आषाढात बैलांना नदीवर नेऊन धुतात, शिंगं रंगवतात, शिंगांच्या टोकाला पितळी शेंब्या, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. मग मिरवणूक निघते आणि लांबूनच कुणीतरी ओरडतं, 'तो बघ, मळ्यातल्या पाटलांचा सर्जा!' एरवी दोन पांढरे बैल लांबून सारखेच दिसतात, पण साजावरून कुठल्या घरचा कोण हे लगेच कळतं. (आता बैल कमी झालेत आणि ट्रॅक्टरलाच हार घालतात, ते सोडा.) आपल्या गोष्टीत प्रथिन म्हणजे बैल आणि साखरा म्हणजे त्याचा साज. ही तुलना लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पेशीच्या पेटीत या साजाचे प्रकार फार नाहीत. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, झायलोज, ग्लुकोज आणि लांबलचक नावाच्या दोघी, एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन आणि एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन. घाबरू नका, प्रयोगशाळेतले लोकही एवढं लांब नाव घेत बसत नाहीत. ते नुसतं 'ग्लकनॅक' आणि 'गॅलनॅक' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिका असते, हे नववीच्या दादा-ताईला विचारा. तिच्या पापुद्र्यात डोलिकॉल नावाचे लांब, तेलकट रेणू रोवलेले असतात. प्रथिन यायच्या आधीच त्यांच्यावर साखरांचं एक छोटं झाड तयार करून ठेवलेलं असतं. बुंध्याशी दोन ग्लकनॅक, त्यावर फांद्या फुटलेले नऊ मॅनोज आणि एका फांदीच्या टोकाला तीन ग्लुकोज. करा बेरीज. २ आणि ९ आणि ३, एकूण १४. प्रथिनाची माळ आत सरकू लागली, की एक विकर, म्हणजे एन्झाइम, मणी तपासत बसतं. त्याला हवी असते एक खूण. आधी ॲस्पॅरॅजिन, मग कुठलाही एक मणी (फक्त प्रोलिन चालत नाही), मग सेरिन किंवा थ्रिओनिन. अशी तीन मण्यांची खूण सापडली, की हे विकर चौदाच्या चौदा साखरा एकदम उचलतं आणि ॲस्पॅरॅजिनवर ठेवून देतं. एकेक दागिना घालत बसायचं नाही, अख्खा साज एका झटक्यात! ॲस्पॅरॅजिन हे नाव आलं ॲस्परॅगसवरून, म्हणजे आपल्या शतावरीच्या कुळातल्या एका भाजीवरून. १८०६ साली फ्रान्समध्ये तिच्याच रसातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं.

बरं, एवढा साज घातला आणि पुढं काय? पुढं तो लगेच उतरवायला सुरुवात! टोकाच्या तीन ग्लुकोजपैकी दोन कापले जातात. उरलेला एक म्हणजे 'अजून शिकाऊ आहे' अशी पाटी. ती पाटी असेपर्यंत मदतनीस प्रथिनं त्याला धरून नीट घडी घालायला लावतात. मग तिसरा ग्लुकोजही निघतो. घडी बरोबर असेल तर प्रथिन पुढं सरकतं. चुकली असेल तर एक तपासनीस विकर पुन्हा एक ग्लुकोज चिकटवतं. जा, परत रांगेत उभा राहा! असं पुन्हा पुन्हा होऊनही जमलं नाही, तर ते प्रथिन मोडीत निघतं. आपल्याकडच्या परीक्षांपेक्षा ही परीक्षा कडक, आणि इथं कॉपी चालत नाही.

आश्चर्य म्हणजे इथपर्यंतची रीत उसाच्या पेशीत, बैलाच्या पेशीत, तुमच्या-माझ्या पेशीत आणि गोगलगाईच्या पेशीत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो पुढच्या खोलीत. या खोलीचं नाव गॉल्जी. इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी १८९८ साली ती दाखवून दिली. इथं मॅनोजच्या काही फांद्या छाटतात आणि नवे दागिने चढवतात. कुठले चढवायचे, ही मात्र ज्याच्या त्याच्या घरची रीत. शेंबडातल्या प्रथिनांचे ते ब्रशचे केसही मुख्यतः इथंच लागतात. पण त्यांची तऱ्हा वेगळी. तयार झाड नाही, सेरिन किंवा थ्रिओनिनवर आधी बहुधा एक गॅलनॅक, मग एकावर एक.

इथं आई-बाबांसाठी एक सूचना. मधुमेहाच्या तपासणीत 'तीन महिन्यांची साखर' बघतात, ती हीच का? नाही. रक्तात ग्लुकोज जास्त झाला, की तो हिमोग्लोबिनला आपणहून जाऊन चिकटतो. तिथं विकर नाही, खूण नाही, तपासनीस नाही. सांडलेल्या पाकात कागद चिकटावा, तसा प्रकार. आपण बोलतोय ते मुद्दाम चढवलेल्या साजाबद्दल. या मुद्दाम चढवण्यात जन्मतःच चूक असेल तर काय होतं, हे बेल्जियमच्या डॉ. याक याकेन यांनी १९८० साली पहिल्यांदा दाखवलं. अशा मुलांची वाढ, चालणं, बोलणं, सगळ्यावरच परिणाम होतो. आजार दुर्मिळ आहे, पण त्यावरून कळतं, की हा साज नुसता मिरवण्यासाठी नाही.

आता गोगलगाईच्या घरची रीत बघू.

माणसाचा साज बहुधा सायालिक आम्ल नावाच्या साखरेनं संपतो. गोगलगाई दुसरंच काही करतात. त्या बुंध्याजवळच्या मॅनोजवर एक झायलोज लावतात आणि तळाच्या ग्लकनॅकवर फ्यूकोज. माणसाच्या पेशी या झाडाला झायलोज कधीच लावत नाहीत. तळाला फ्यूकोज मात्र लावतात. मग झायलोज आणि फ्यूकोजची हीच जोडी आणखी कोण वापरतं? वनस्पती! म्हणजे ज्या उसाच्या पानावर गोगलगाय चढली आहे, तो ऊस आणि ती, दोघांच्या साजात ही खूण सारखी. 'ऊस खाऊन खाऊन तशी झाली असेल!' नाही हं. खाल्लेली साखर पचून जाते. हा साज चढवणारी विकरं तिची स्वतःची असतात.

शिवाय तिची आणखी एक खोड. फांदीच्या टोकाच्या मॅनोजवर किंवा गॅलॅक्टोजवर ती मिथिल नावाची छोटीशी टोपी बसवते. अगदी बैलाच्या शिंगावर शेंबी बसवावी तशी. टोपी बसली, की तिथं पुढची साखर जोडता येत नाही. १९७७ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी गोगलगाईच्या रक्तातल्या प्रथिनात अशा टोप्या घातलेल्या साखरा ओळखल्या. पुढं व्हिएन्नाच्या कृषी विद्यापीठात डॉ. एरिका श्टाउडाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंखवाल्या, बिनशंखाच्या, जमिनीवरच्या, पाण्यातल्या अशा कितीतरी गोगलगाई घेतल्या. त्यांची कातडी, आतली इंद्रियं, अंडी, सगळं तपासलं. झायलोज, फ्यूकोज आणि टोप्या पुन्हा पुन्हा सापडत गेल्या. मात्र प्रत्येक जातीत प्रमाण वेगळं. म्हणजे गाव एक, पण प्रत्येक घराचा साज थोडा निराळा.

आणि हे रक्त म्हणजे काय, तेही ऐका. बहुतेक गोगलगाईंचं रक्त निळं असतं! आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहायला लोह असलेलं हिमोग्लोबिन, त्यांच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन. ऑक्सिजन मिळाला की ते निळसर होतं. (तळ्यातल्या चपट्या चकलीसारख्या शंखाच्या गोगलगाई याला अपवाद, त्यांचं रक्त लाल.) हिमोसायनिन हे अवाढव्य प्रथिन आणि त्याच्या अंगावर साखरांचा भरगच्च साज. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात गोगलगाईचीच एक नातेवाईक राहते, टोपीसारख्या शंखाला वर भोक असलेली. तिचं हिमोसायनिन माणसाच्या अंगात गेलं, की आपली प्रतिकारशक्ती ताडकन जागी होते, 'हा आपल्या गावचा नाही!' म्हणूनच लशींच्या संशोधनात ते वापरतात. ज्या बारीक पदार्थाकडं शरीर लक्ष देत नाही, तो या परक्या बैलाच्या पाठीवर बसवून पाठवायचा.

इथं आपल्याला घाट उतरून कोकणात जायला हवं. कराडहून निघून पाटण, कोयनानगर मागं टाकून कुंभार्ली घाट उतरलात, की चिपळूण. तिथून पुढं गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत या गावाचं नाव आलं. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी जाहीर केलं, की इथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जातं त्याचं कारण शिस्टोसोमा जातीचे जंत आहेत. हा रोग आफ्रिकेत लाखोंना होतो, पण आपल्या देशात त्याचं असं ठाणं असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. मग शोध सुरू झाला, की हा जंत माणसापर्यंत पोचतो कसा? कारण शिस्टोसोमा थेट माणसाकडून माणसाकडं जाऊ शकत नाही. मधे त्याला गोगलगाय लागतेच. लघवीतून अंडी पाण्यात पडतात, अंड्यातून निघालेलं पिल्लू गोगलगाईच्या अंगात शिरतं, तिथं त्याची हजारो पिल्लं होतात, ती पुन्हा पाण्यात येतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात. गिमवीच्या बाबतीत संशय गेला तो फेरिसिया नावाच्या, जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या, टोपीसारख्या शंखाच्या इवल्याशा गोगलगाईवर. पाण्यातल्या दगडाला चिकटलेली ही गोगलगाय तुम्हाला दाखवली तरी तुम्ही म्हणाल, 'ही कसली गोगलगाय, हा तर डाग!'

आता विचार करा. गोगलगाईच्या अंगात एक परका घुसतो, आठवडेच्या आठवडे राहतो, हजारो पिल्लं घालतो. तिच्या रक्तातले पहारेकरी त्याला पकडत का नाहीत? एक कारण साखरेत आहे. गिमवीच्या गोगलगाईवर नव्हे, पण तिच्या दूरच्या नात्यातल्या, दक्षिण अमेरिकेतल्या तळ्यांत राहणाऱ्या बायोम्फॅलारिया या गोगलगाईवर आणि तिच्यातल्या शिस्टोसोमावर खूप अभ्यास झाला. त्यात दिसलं, की जंताच्या अंगावरच्या काही साखरा आणि गोगलगाईच्या रक्तातल्या काही साखरा सारख्याच आहेत. चोरानं पाटलाच्या सर्जाची झूल पांघरली, तर मिरवणुकीत त्याला कोण अडवणार? सगळंच कोडं यानं सुटत नाही. काही गोगलगाई तरीही जंताला ओळखून मारतात, आणि त्या कशानं ओळखतात यावर अजून काम चालू आहे.

पण हीच झूल माणसाच्या अंगात शिरल्यावर जंताच्या अंगाशी येते. माणसाच्या साजात तसल्या साखरा नाहीत. त्यामुळं आपलं शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आणि मौज बघा, शिस्टोसोमा झालेल्या रुग्णांची ही प्रतिपिंडं त्या कॅलिफोर्नियातल्या समुद्री गोगलगाईच्या हिमोसायनिनलाही जाऊन चिकटतात. रुग्णानं तो समुद्र जन्मात पाहिलेला नसतो! साखरेची खूण सारखी, एवढंच नातं. त्यामुळं ते हिमोसायनिन वापरून हा रोग ओळखायच्या चाचण्याही शास्त्रज्ञांनी करून पाहिल्या.

घाटावर, कृष्णा-वारणेच्या काठी, गोगलगाईचा असाच उद्योग जनावरांच्या बाबतीत चालतो. पाणथळ जागी चरणाऱ्या म्हशी-मेंढ्यांच्या यकृतात चपटे, पानासारखे जंत होतात. त्यांनाही मधे गोगलगाय लागते, लिम्निया कुळातली. दलदलीच्या कडेचं गवत खाऊ घालू नका, असं जनावरांचे डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.

आतापर्यंत आपण गोगलगाईच्या अंगावरची साखर पाहिली. पण ती दुसऱ्याच्या अंगावरची साखर वाचतेसुद्धा. आपल्यासारखी प्रतिपिंडं तिला करता येत नाहीत. त्याऐवजी तिच्याकडं लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. ठराविक साखर दिसली, की ती घट्ट पकडायची, हे त्यांचं काम. जिवाणूंच्या अंगावरही साखरा असतात, त्यामुळं त्यांना पकडायला ही लेक्टिनं उपयोगी पडतात.

तासगावकडच्या मुलांना द्राक्षबागा नव्या नाहीत. युरोपातल्या द्राक्षबागांमध्ये एक मोठी गोगलगाय असते, तिला जर्मनीत 'द्राक्षमळ्यातली गोगलगाय' असंच म्हणतात. ती आपल्याकडं नाही. १९६५ साली बर्लिनच्या ओटो प्रोकोप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या अंड्यांना पांढरा बलक पुरवणाऱ्या ग्रंथीचा अर्क माणसाच्या रक्तात मिसळला. ए गटाच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या, ओ गटाच्या झाल्या नाहीत! गोगलगाईला माणसाच्या रक्तगटाशी काय देणंघेणं? काहीच नाही. तिचं लेक्टिन गॅलनॅक ओळखतं, आणि ए गट म्हणजे तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला असलेला गॅलनॅक.

होय, आपले रक्तगट म्हणजेही साखरांचाच साज! तांबड्या पेशीवरच्या काही प्रथिनांवर आणि काही स्निग्ध पदार्थांवर तो असतो. साखळीला आधी एक फ्यूकोज लागतो. त्याला एच म्हणतात. ही झाली खुंटी. खुंटी असेल तरच ए गटाचा गॅलनॅक किंवा बी गटाचा गॅलॅक्टोज लागतो. दोन्ही लागले तर एबी. नुसती खुंटी राहिली तर ओ. एका साखरेचा फरक, पण चुकीचं रक्त चढवलं तर माणूस दगावू शकतो.

आणि खुंटीच नसेल तर? हा प्रश्न पहिल्यांदा आपल्या मुंबईतच पडला. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांनी तीन माणसांच्या रक्ताची हकीकत 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली. या तिघांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही. जगभर आता या गटाला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखाद्याचा तो असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. साध्या तपासणीत तो ओ असल्यासारखा दिसतो. पण 'ओ कुणालाही चालतं' म्हणून ओ रक्त चढवलं, तर घात. कारण अशा माणसाच्या शरीराला ओ गटाची खुंटीसुद्धा परकी वाटते. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात असा रुग्ण आला, की दाता शोधायला फोनाफोनी होते आणि रक्त लांबच्या गावाहून आणावं लागतं. रक्त चढवण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकत्र जुळवून बघतात, ती तपासणी म्हणून कधीही टाळू नये. पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. खुंटी लावण्याचा बिघडलेला जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा गट होतो. त्यामुळं मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत तो होण्याची शक्यता वाढते, आणि एकाचा बॉम्बे गट निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी करून ठेवणं शहाणपणाचं. प्रत्येक सख्ख्या भावंडाचा तोच गट असण्याची शक्यता निदान चारात एक असते.

द्राक्षमळ्यातली ती गोगलगाय राहिली युरोपात. पण आपल्याकडं नको तितकी झालेली जी आफ्रिकन शंखी गोगलगाय, तीही साखर वाचण्यात वाकबगार आहे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसहून तिची जोडी कलकत्त्याला आणली. बागेत सोडलेली ती पाहता पाहता देशभर पसरली. २०२२ साली लातूर, बीड, धाराशिव भागात सोयाबीनची कोवळी रोपं तिनं अशी फस्त केली, की शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. त्याच कलकत्त्यात, भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेत, डॉ. चित्रा मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली तिच्या रक्तातून एक लेक्टिन वेगळं केलं. नाव 'अकॅटिनिन-एच'. ते सायालिक आम्ल ओळखतं, पण साधं नव्हे, ज्याच्या एका कोपऱ्याला ॲसिटिल नावाचा छोटा गोंडा लागला आहे असं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस याच गटाला दिसलं, की लहान मुलांना होणाऱ्या एका रक्ताच्या कर्करोगात रोगट पेशींवर असा गोंडा असलेल्या साखरा खूप वाढतात. आणि अकॅटिनिन-एच त्या पेशींना हुडकून चिकटतं. औषधोपचारानं रोगट पेशी कमी झाल्या का, लपून राहिलेल्या पुन्हा वाढू लागल्या का, हे बघण्यासाठी संशोधकांनी त्याचा उपयोग करून पाहिला. शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी आणणाऱ्या गोगलगाईचं हे दुसरं रूप.

शेतात तिला पकडायची एक युक्ती कृषी विद्यापीठवाले सांगतात, ती ऐकून तुम्हाला हसू येईल. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधावर ठेवायचं. रात्री गोगलगाई गुळाच्या वासानं येऊन त्याखाली जमतात आणि सकाळी एकत्र गोळा करता येतात. अंगातल्या साखरेनं तिचं भागत नाही, गूळही लागतो! मात्र गोळा करताना हातमोजे घाला किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, आणि नंतर हात साबणानं स्वच्छ धुवा. या गोगलगाईच्या अंगात उंदरांकडून आलेला एक जंत असू शकतो, आणि तो माणसाच्या पोटात गेला तर थेट मेंदूपर्यंत पोचतो. शेतातली कच्ची पालेभाजी आणि कोथिंबीरही त्याच कारणासाठी भरपूर पाण्यात दोनदा धुवायची.